ऑपरेटरचा स्टिकर काढावा का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. राजारामपुरीतील मित्राच्या १९६०च्या दशकातील, शिकागोच्या गॉटलिब कंपनीच्या पिनबॉल यंत्राची (नाणे टाकून चेंडूने खेळायच्या यंत्राची) दुरुस्ती करताना आम्ही जुन्या ऑपरेटरचा, म्हणजे ते यंत्र चालवणाऱ्या व्यावसायिकाचा, स्टिकर तसाच ठेवला, याला आपला आक्षेप आहे. यंत्र कारखान्यातून निघाले तसेच दिसावे, आणि नंतर चिकटवलेला कागद जपणे म्हणजे पन्हाळ्याच्या भिंतींवर कोरलेली नावे जपण्यासारखे आहे, असे आपण म्हणता. त्या नावांबद्दलची आपली चीड मलाही आहे. तुलना मात्र पटत नाही.

पन्हाळ्यावर नाव कोरणाऱ्याचा त्या वास्तूशी काडीचाही संबंध नसतो. ऑपरेटरशिवाय मात्र पिनबॉल यंत्राला आयुष्यच नव्हते. शिकागोचे कारखाने ही यंत्रे मुख्यतः घरांसाठी बनवत नसत. वितरकांमार्फत ती ऑपरेटर विकत घेत, बारमध्ये किंवा उपाहारगृहात नेऊन ठेवत आणि जमलेली नाणी जागामालकाबरोबर वाटून घेत. यंत्र बंद पडले तर कोणाला कळवायचे, हे त्या स्टिकरवर लिहिलेले असे. तुलना करायचीच असेल, तर खिद्रापूरला चला. शिलाहारांच्या काळात उभ्या राहिलेल्या कोपेश्वर मंदिरावर यादव राजा सिंघणदेवाचा नंतरचा शिलालेख आहे, आणि मूळ बांधकामाचा भाग नाही म्हणून तो पुसावा असे कोणीही म्हणत नाही.

यंत्रावरील अनुक्रमांकावरून ते केव्हा बनले याचा अंदाज येतो, पण ते कुठे गेले आणि कोणी चालवले, हे त्यावरून कळत नाही. या स्टिकरवरील दूरध्वनी क्रमांक दोन इंग्रजी अक्षरांनी सुरू होतो आणि पत्त्यात झिप कोड, म्हणजे अमेरिकेतला पिनकोड, नाही. अमेरिकेत झिप कोड १९६३मध्ये आला, आणि अक्षरांचे क्रमांकही त्याच दशकात मागे पडत गेले. म्हणून हा मजकूर बहुधा त्या सुमाराचा किंवा त्याआधीचा असावा. न्यूयॉर्क शहरात तर १९४२पासून १९७६पर्यंत पिनबॉलवर बंदी होती. ज्या खेळाला एका शहरात मज्जाव आणि दुसऱ्या शहरात मोकळीक होती, त्याचे एखादे यंत्र नेमके कुठे चालले याचा पुरावा बहुतेक वेळा एवढ्याशा कागदावरच उरलेला असतो. तो खरवडून टाकला की पुन्हा मिळवता येत नाही.

काही बाबतींत आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. चेंडू फिरतो त्या प्लेफिल्डवरचा कागद काढलाच पाहिजे, कारण त्याच्या कडेला मळ साचतो आणि चेंडूची वाट बिघडते. पॅकिंगची टेप, दुकानातील किमतीची चिठ्ठी यांतही जपण्यासारखे काही नाही. पण लाकडी पेटीच्या बाजूवरील स्टिकर ओढला की त्याबरोबर रंगाचा पापुद्रा निघण्याची भीती असते, आणि रंग टिकला तरी आजूबाजूच्या विटलेल्या रंगात तेवढाच चौकोन गडद दिसतो. म्हणजे कारखान्यातील रूप मिळवायला जाऊन आपण पेटी पुन्हा रंगवण्याच्या वाटेला लागतो, आणि मग मूळचे असे काय उरले? वरच्या काचेवरील चित्र काचेच्या मागील बाजूस छापलेले असते, त्यामुळे समोरचा स्टिकर पात्याने सुटतो. मात्र तिथे हेअर ड्रायरची उष्णता देऊ नये, कारण मागचा जुना रंग आधीच सुटू लागलेला असू शकतो.

आपल्या यंत्रावरील स्टिकर नाण्यांच्या दारावर आहे, असे आपण लिहिले आहे. पत्र्यावरचा असल्याने तो काढणे त्यामानाने सोपे आहे, आणि यंत्र आपले असल्याने निर्णयही आपलाच. माझी विनंती एवढीच, की आधी तिरप्या उजेडात त्याची छायाचित्रे काढावीत, मजकूर अक्षरशः उतरवून घ्यावा, आणि कागद अखंड निघाला तर आम्लविरहित कागदात ठेवून तो यंत्राच्या पेटीतच, तारांपासून दूर, जपावा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात अशा कागदाला बुरशी लवकर धरते, म्हणून हे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत करावे. तोपर्यंत त्यावरील मजकूर मला कळवलात, तर त्या पत्त्यावरून काळ ठरवण्याचा प्रयत्न आपण मिळून करू.