शेण टाकलं म्हणून डायपर कुजत नाही

आज सकाळी आपल्या सोसायटीचा ओला कचरा निवडून खताच्या खड्ड्यात टाकणाऱ्या मावशींच्या तळहाताला दाढीचं ब्लेड लागलं. ओल्या कचऱ्याच्या डब्यात होतं ते, गाठ मारलेल्या काळ्या पिशवीत, फळांच्या सालींखाली. हातमोजा कापून आत घुसलं. रक्त थांबेपर्यंत मी त्यांचा हात दाबून धरून उभा होतो आणि तेवढ्यात वरच्या गॅलरीतून आवाज आला, "खड्ड्याचा वास येतोय, जरा शेण जास्त टाका!"

डोकंच फिरलं माझं.

आठ महिने हेच ऐकतोय. वास आला, शेण टाका. माश्या झाल्या, शेण टाका. अहो, शेण म्हणजे अंगारा आहे का, लावला की सगळं शुद्ध? शेण हे विरजण आहे. त्यातले जिवाणू कचऱ्याला लागतात आणि कुजायला लवकर सुरुवात होते, एवढंच त्याचं काम. प्लास्टिक, डायपर, काच, पेन्सिल सेल यांचं खत कुठलंही शेण करणार नाही. सेलमधला जड धातू तर कुजतही नाही आणि उडूनही जात नाही, तो खतातून सरळ कुंडीत येतो. त्याच कुंडीतल्या भाज्यांचे फोटो ग्रुपवर टाकता ना तुम्ही?

आणि जास्त शेण टाकल्यावर काय होतं ते मागच्या महिन्यात सगळ्यांनी पाहिलंय. मी नाही म्हणत असताना दोन घमेली ताजं शेण ओतलं. ताज्या शेणात ८० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. आधीच ओल्या ढिगावर तो चिखल बसला, मधल्या फटी बुजल्या, हवा बंद. हवा बंद झाली की दुसरेच जिवाणू माजतात आणि मग सडक्या अंड्यासारखा वास सुटतो, मिथेन तयार होतो. ढीग निवांत कुजत असला तर ओल्या मातीसारखा वास येतो, बस.

ओला कचरा आणि शेण, दोन्हींत नायट्रोजन भरपूर. ढिगाला साधारण ३० भाग कार्बनला १ भाग नायट्रोजन लागतो. तो कार्बन येतो सुक्या पानांतून. ती पानं कुठे आहेत? दर रविवारी मोठमोठ्या पिशव्यांत भरून कचऱ्याच्या गाडीत! "आवार स्वच्छ दिसलं पाहिजे" म्हणून. मी तीनदा लेखी दिलं की पानं खड्ड्याशेजारी साठवा, ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर एक थर पानांचा द्यायचाय. तिन्ही कागद कुठे गेले कोण जाणे. आणि खड्डा घाण करतो म्हणून मीटिंगमध्ये बोलणी कोण खातं? मी आणि मावशी.

सुरुवातीचे दोन महिने हाच ढीग किती सुंदर चालला होता! तेव्हा जेमतेम दहा-बारा घरं कचरा द्यायची, पण निवडून द्यायची. शेणकाला शिंपडायचा, पानं पसरायची, आठवड्यातून एकदा वरखाली करायचा. मूठभर माल घेऊन दाबला की बोटांतून एखाददुसरा थेंब यायचा, इतकीच ओल. आत सळई खुपसून काढली की हाताला चटका बसायचा. ५५ अंशांच्या वर काही दिवस ढीग तापला की रोगजंतू मरतात, तणाचं बीसुद्धा मरतं. पहिलं खत चाळलं तेव्हा ते मावशींनी ओंजळीत घेऊन नाकाला लावलं होतं. आता त्याच मावशी रोज सकाळी तुमच्या पिशव्यांच्या गाठी सोडतात. बंद पिशवीत दोन दिवस आंबलेलं ते काळं पाणी त्यांच्या कोपरापर्यंत ओघळतं, आणि तुम्ही लिफ्टमध्ये त्यांच्याकडे बघून नाक दाबता. लाज वाटत नाही?

दोन डबे ठेवायचेत घरात. दोन! एकात जे कुजतं ते, दुसऱ्यात बाकीचं. वापरलेला डायपर किंवा पॅड कागदात गुंडाळून वेगळा द्यायचा. ब्लेड जाड पुठ्ठ्यात घालून, वर लिहून द्यायचं. शाळेतल्या पोरांना हे जमतं.

उद्यापासून गाठ मारलेली एकही पिशवी मी उघडणार नाही आणि मावशींनाही उघडू देणार नाही. ती तशीच मीटिंगच्या टेबलावर येईल.

आता त्यांना धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला घेऊन चाललोय. त्यांचा आजचा खाडा कुणी मांडून तर बघा.