सही कापून फॉरवर्ड करणाऱ्यांसाठी (आणि बाकीच्यांसाठीही)

सकाळपासून डोकं फिरलंय. लिहूनच टाकते, नाहीतर आज झोप यायची नाही.

आमच्या घरच्या ग्रुपवर सकाळी एक चित्र आलं. चार चौकटींचं. एक मुलगी, तिची खोली, खोलीत खुर्ची, खुर्चीवर कपड्यांचा डोंगर. खुर्ची विचारते, "अगं, मी खुर्ची आहे हे लक्षात आहे ना तुझ्या?" पाठवणारे आमचे एक ज्येष्ठ नातेवाईक, ग्रुपवर फॉरवर्डांचा रोजचा रतीब त्यांचाच. खाली लगेच हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग. "घरोघरी मातीच्या चुली," असं एक जण. "कुठून शोधून आणता हो!" असं दुसरं कुणीतरी.

कुठून आणता. बरोबर प्रश्न आहे.

ते चित्र माझ्या भाचीचं आहे. ती त्याच ग्रुपवर आहे. गेली दोन वर्षं ती ही खुर्चीची वेबकॉमिक (जालावर पानापानाने येणारी चित्रकथा) काढतेय, नोकरी सांभाळून, रात्री जागून. उजव्या कोपऱ्यात खाली तिची बारीकशी सही असते. ती कापलेली. वर कुठल्यातरी विनोदाच्या पानाचा ठसा मारलेला. आणि सही कापताना चौथ्या चौकटीचा खालचा भाग पण गेला, जिथे खुर्चीचं शेवटचं वाक्य होतं. म्हणजे सगळी मंडळी अर्ध्या विनोदावर हसत होती!

भाचीनेही एक हसरा चेहरा टाकला. बास. एवढंच.

मी तिला फोन केला, तर म्हणते, "जाऊ दे ना मावशी. त्यांना काय माहीत." नाही जाऊ देणार. ग्रुपवर काही बोलले नाही, कारण तिने शपथ घातली. इथे घातलेली नाही.

आता काही जण म्हणतील, एका चित्राचं काय एवढं. त्यांच्यासाठी जुनी गोष्ट सांगते, जवळच्या दोघातिघांना सोडून कुणाला सांगितलेली नाही.

पाचेक वर्षांपूर्वी माझे काही महिने फार वाईट गेले. कारण विचारू नका, मोठं असं काही नव्हतंच आणि तोच त्रास होता. रडू येत नव्हतं, राग येत नव्हता, काहीच येत नव्हतं. भेटायला येणारा प्रत्येक जण उपाय घेऊन यायचा. फिरायला जा, छंद लाव, चांगला विचार कर. मी मान हलवायचे. एका रात्री दोनच्या सुमारास याच भाचीचा मेसेज आला, एक लिंक आणि खाली एवढंच: "मावशी, हे वाच. उत्तर देऊ नकोस."

ती होती अ‍ॅली ब्रॉशची 'हायपरबोली अँड अ हाफ' ही वेबकॉमिक. चित्रं बघून मला आधी वाटलं, पोरीने चुकून भलतंच काही पाठवलं. गुलाबी झगा घातलेली, नळीसारख्या हातापायांची, डोक्यावर पिवळा त्रिकोण खोचल्यासारखी एक आकृती. साध्या पेंट प्रोग्राममध्ये काढलेली. नैराश्यावरचा तिचा पहिला भाग २०११ च्या ऑक्टोबरमध्ये आला, मग दीड वर्षाहून जास्त काळ जवळपास शांतता, आणि २०१३ च्या मे महिन्यात दुसरा भाग. मी दुसरा आधी वाचला. त्यात मेलेल्या माशांचा प्रसंग आहे. ती लोकांना सांगते की माझे मासे मेलेत, आणि लोक म्हणतात, अगं शोधूया की, सापडतील, त्यांना खायला घाल, बरे होतील. ती परत परत सांगते, हरवले नाहीयेत, मेलेत. आणि लोक आपले उपाय देतच राहतात.

मी रात्री अडीच वाजता अंथरुणात उठून बसले. इतक्या महिन्यांत कुणाला सांगता आलं नव्हतं ते या पिवळ्या त्रिकोणाने सांगितलं होतं.

म्हणून मला राग येतो. तीच चित्रं मला सही कापून, मधल्या दोनच चौकटी, वर सुविचार चिकटवून अशी आली असती तर? मी अंगठा दाखवून पुढे गेले असते. त्या गोष्टीत लांबी आहे. एका चित्राखाली मोकळी जागा, मग तोच चेहरा परत, मग परत तोच, आणि तुम्ही खाली सरकवत राहता. ते सरकवणं हाच तिचा वेळ. तो कापून पाठवता येत नाही.

आणि हे एकट्या तिचं नाही. 'एक्सकेसीडी' (xkcd) ही वेबकॉमिक घ्या. (याला उच्चार असा नाहीच, चार अक्षरं सुटी सुटी म्हणायची.) रँडल मनरो हा आधी नासात रोबोटवर काम करणारा माणूस, २००५ पासून काड्यांची माणसं काढतोय. तुमच्यापैकी निम्म्यांनी ती फॉरवर्डमध्ये पाहिली असतील. पण चित्रावर माऊस नेऊन ठेवला की आणखी एक ओळ उमटते, आणि कित्येकदा खरा विनोद त्या ओळीत असतो, हे किती जणांना माहीत आहे? मलाही दोन वर्षं माहीत नव्हतं. मी आपली अर्धवट हसत होते, आमच्या ग्रुपसारखीच. फोनवर वाचणार असाल तर त्याची मोबाईलसाठी वेगळी आवृत्ती आहे, तिथे ती ओळ बोट लावून उघडता येते.

त्याचंच 'टाइम' नावाचं एक प्रकरण आहे, क्रमांक ११९०. २०१३ च्या मार्चमध्ये एकच चित्र आलं, दोन माणसं समुद्राकाठी बसलेली. अर्ध्या तासाने चित्र किंचित बदललं. पुढे तासातासाने. ती दोघं वाळूचा किल्ला बांधू लागली. असं चार महिने! एकूण ३०९९ चित्रं. लोक कामधंदा सोडून बघत बसले होते की समुद्राचं पाणी का चढतंय. २०१४ साली त्याला ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथा आणि अद्भुतकथांसाठीचा मोठा पुरस्कार, मिळाला. हे पाठवा बरं फॉरवर्ड करून.

बरं, लगेच म्हणू नका की हे सगळं इंग्रजीत. हो, मी सांगतेय ती सगळी इंग्रजीत आहेत, मान्य. पुढे चला.

'डिगर' वाचा. अर्सुला व्हर्ननचं. माझं सगळ्यात लाडकं आणि याचं नाव कुणीच घेत नाही. डिगर ही मादी वोम्बॅट, बिळं खणणारा गुबगुबीत प्राणी. हिची जमात म्हणजे सगळे इंजिनिअर, देव आणि जादू या दोन गोष्टींचा यांना मनस्वी कंटाळा. ही बोगदा खणताना वाट चुकते आणि जमीन फोडून वर येते ती थेट एका देवळात. समोर गणपतीची मूर्ती, आणि मूर्ती बोलतेय! मी हे वाचताना अशी दचकले होते. आता काहीतरी थिल्लर येणार म्हणून सावरून बसले, तर तो गणपती फार शांत आणि शहाणा निघाला. पुढे तरस आहेत, त्यांच्यातला एक जमातीने टाकलेला, त्याचं जे आहे ते सांगत नाही. काळ्यापांढऱ्यात, लाकडात कोरल्यासारखी चित्रं. २०११ मध्ये गोष्ट पूर्ण झाली, २०१२ मध्ये ह्यूगो मिळाला. आणि पूर्ण झालीय हे महत्त्वाचं, कारण वेबकॉमिकच्या जगात अर्ध्यावर सुटलेल्या गोष्टींचा खच पडलाय. मला दोनदा जीव लावून फसायला झालंय. तिसऱ्यांदा नको.

(मध्येच फोन आला होता. त्याच नातेवाइकांचा. आवाजावरून बरे वाटले. तरीही.)

भीती आवडत असेल तर एमिली कॅरलची 'हिज फेस ऑल रेड', २०१० ची. छोटीशी आहे. एका माणसाने आपल्या भावाला जंगलात मारलंय आणि तो भाऊ घरी परत आलाय, हसतखेळत. बास, एवढ्यावरच. कुठे मोठा आवाज नाही, रक्ताची थारोळी नाहीत. पण एका चौकटीनंतर पान सरकवताना बोट थांबतं, खाली काय असेल म्हणून. रात्री एकटीने वाचू नका. मी वाचली होती, दिवा लावून झोपले, या वयात.

'डायनासोर कॉमिक्स' बद्दल सांगितलं की लोक मला वेड्यात काढतात. रायन नॉर्थ २००३ पासून तीच सहा चित्रं वापरतोय. तीच! तोच टी-रेक्स, त्याच्या पायाखाली तेच इवलंसं घर चिरडायच्या बेतात. बदलतात ते फक्त संवाद. आणि तरी हसू येतं. ज्यांना "मला चित्र काढता येत नाही म्हणून मी काही करत नाही" असं म्हणायची सवय आहे (मी), त्यांनी आवर्जून बघावं.

लांब गोष्ट हवी असेल तर टॉम सिडेलची 'गनरक्रिग कोर्ट', २००५ पासून चालू. एक मुलगी नव्या शाळेत येते आणि तिच्या लक्षात येतं की आपल्याला सावल्या दोन आहेत. सुरुवातीची चित्रं कच्ची आहेत हो, डोकी विचित्र आहेत, तिथे सोडून देऊ नका. हात कसा बसत गेला ते पानापानातून दिसतं आणि मला तर त्याचंच जास्त अप्रूप. छापील पुस्तकात चित्रकार तयार होऊन येतो, इथे तो तुमच्यासमोर तयार होतो.

ते उभं सरकवायचं रंगीत वेबटून असतं ना, त्यात 'लोर ऑलिंपस'ला तीन वर्षं सलग आइस्नर हा कॉमिक्सचा मोठा पुरस्कार मिळालाय. मला नाही झेपलं फारसं. तुम्हाला आवडेल कदाचित, रंग सुंदर आहेत.

आता तो ठरलेला प्रश्न. "फुकट टाकतात जालावर, मग कुणी उचललं तर रडायचं कशाला?" आज दुपारी एका शहाण्याने मला हेच ऐकवलं. अहो, फुकट वाचायला दिलंय, नाव पुसायला नाही दिलं! रिच बर्लूची 'ऑर्डर ऑफ द स्टिक' ही पण काड्यांचीच माणसं, जालावर पहिल्या पानापासून फुकट. २०१२ मध्ये त्याने जुनी पुस्तकं पुन्हा छापायला वाचकांकडे पैसे मागितले, तर साडेबारा लाख डॉलरच्या वर जमले. फुकट वाचणाऱ्यांनीच दिले. का दिले? कारण त्यांना माहीत होतं कुणाला द्यायचे. सही असते ती एवढ्यासाठी. तो पत्ता असतो. तुम्ही चित्र नाही कापत, त्या माणसाच्या घराचा रस्ता कापता.

हां, एक कबूल करते, जिवावर येतंय पण करते. कापलेली चित्रं फिरतात म्हणूनही काही लोक मूळ ठिकाणी पोचतात. मीही 'एक्सकेसीडी'पर्यंत तशीच पोचले. आणि माझ्या जुन्या फोनमध्ये अशी बिनसहीची शेकडो चित्रं पडलेली आहेत, मीही पाठवली आहेत, "मस्त आहे" म्हणून. तेव्हा कोपऱ्याकडे बघायचं असतं हेच माहीत नव्हतं. आमच्या त्या नातेवाइकांनाही नसेल. त्यांना वाटलं असेल, पोरीबाळी हसतील, सकाळ बरी जाईल. हसल्याच की. मघाशी फोनवर म्हणाले, "ते खुर्चीचं फार आवडलं गं मला. अशी अजून मिळाली तर पाठवीन." मला काही बोलताच आलं नाही. वर इतकं चिडून लिहिलंय ते पुसावंसं वाटतंय, पण राहू दे.

त्या रात्रीचं एक सांगायचं राहिलं. ब्रॉशच्या त्याच भागाच्या शेवटाकडे ती स्वयंपाकघरात जमिनीवर पडून रडत असते आणि तिला फ्रिजखाली मक्याचा एक सुकलेला दाणा दिसतो. आणि हसू सुटतं. का, ते तिलाही सांगता येत नाही. नुसता दाणा. मलाही सुटलं. पहाटेचे तीन वाजलेले, आणि कित्येक महिन्यांनी मी तोंडावर उशी धरून हसत होते. भाचीला मी खरंच उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी फक्त मक्याच्या कणसाचं चिन्ह पाठवलं. तिने तेच परत पाठवलं. पुढे काही वर्षांनी तिने खुर्ची काढायला घेतली, आणि पहिल्या पानावर कपड्यांच्या ढिगाखाली, अगदी बारीक, एक मक्याचा दाणा आहे. आजपर्यंत कुणी विचारलेलं नाही.

तर शोधून वाचा. ब्रॉश पहिल्यांदा, मग डिगर. एक्सकेसीडी कुठूनही उघडा, तिथे यादृच्छिक पान देणारं बटण आहे, दिवस संपेल. बाकीच्या पहिल्या पानापासून. आणि तुमच्याकडे चांगल्या, संपलेल्या गोष्टी असतील तर खाली नाव टाका. चित्र नको, नाव. काढणाऱ्याचं पण.

भाचीला आत्ता विचारलं, तुझी लिंक देऊ का इथे? म्हणाली, "नको गं मावशी आज. पुढचं पान अर्धंच झालंय. लोक आले आणि खुर्चीला पायच नसले तर?"