खुलासा : गोदेयोमध्ये व्हॅनिला इसेन्स घालत नाहीत

वाइनच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय : गोदेयो द्राक्षापासून केलेल्या, ओकच्या पिंपात ठेवलेल्या स्पॅनिश पांढऱ्या वाइनला येणारा व्हॅनिलाचा वास इसेन्सचा असतो, आणि गोदेयो म्हणजे पोर्तुगालच्या मदेरा बेटावरचं व्हर्देल्यो द्राक्षच. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

वास लाकडाचा आहे. पिंप बांधताना ओकच्या फळ्या आगीवर तापवून वाकवतात, तेव्हा आतली बाजू भाजली जाते. त्या उष्णतेने लाकडातल्या लिग्निन या घटकापासून व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा वास देणारं द्रव्य, तयार होतं आणि महिनोन्‌महिने वाइनमध्ये उतरत राहतं. म्हणूनच नव्या पिंपातल्या वाइनला हा वास ठसठशीत येतो आणि काही हंगाम वापरलेल्या पिंपातलीला जेमतेम. तळाशी बसलेलं यीस्ट अधूनमधून काठीने ढवळतात, त्याने वाइनला सायीसारखा दाटपणा येतो. इतक्या सावकाश कामावर भेसळीचा शिक्का बसावा, याचं मला खरंच वाईट वाटतं.

द्राक्षाचं म्हणाल तर गोदेयो स्पेनच्या गालिसिया प्रांतातल्या वाल्देओरासचं, सिल नदीच्या खोऱ्यातलं. १९७०च्या दशकात ते नामशेष व्हायच्या बेतात होतं. १९७४ साली सुरू झालेल्या ‘रेव्हिव्हाल’ योजनेत त्याची पुन्हा लागवड झाली, म्हणून ते आज आपल्याला प्यायला मिळतं.

नावाचा घोळ पोर्तुगालमधला आहे. तिथे याच द्राक्षाला गोव्हेयो म्हणतात, आणि दोउरो खोऱ्यात पूर्वी व्हर्देल्योही म्हणत. मदेराचं व्हर्देल्यो ही वेगळी जात आहे.

आणि हो, सगळी गोदेयो पिंपात जात नाही, बरीचशी स्टीलच्या टाकीतच तयार होते. तिला व्हॅनिलाचा वास नसतो.