दुसरी कॉइल का जळाली, तेवढं सांगू द्या

नमस्कार साहेब,

तुमची पद्मिनी गाडी १९ दिवस आमच्या गॅरेजमध्ये राहिली आणि मध्ये चार दिवस आमच्याकडून फोनही गेला नाही. त्याबद्दल मनापासून माफी मागतो. चूक आमचीच.

पण 'पुराच्या नावाखाली लूट, एकच कॉइल दोनदा विकली' हे तुमच्या रिव्ह्यूत वाचून रात्री जेवण गेलं नाही. कॉइल म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी जोराचा करंट तयार करणारा भाग. ३१ वर्षं ठाण्यात गाड्या दुरुस्तीचंच काम करतोय.

वंदना टॉकीजपाशी गाडीत सीटपर्यंत पाणी शिरलं होतं. टो करून आली तेव्हा स्टार्टर न मारता आधी चारही प्लग काढले आणि इंजिन हाताने फिरवलं. दोन नंबरच्या भोकातून गढूळ पाणी उडालं. तसाच सेल्फ मारला असता तर कनेक्टिंग रॉड वाकला असता, कारण पाणी दाबलं जात नाही. चारही प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये गाळ होता, त्यातल्या पॉइंटवर, म्हणजे कॉइलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांवर, पांढरी पुटं चढली होती, पॉइंटला जोडलेला कंडेन्सर शॉर्ट. पॉइंट, कंडेन्सर, कॉइल नवी टाकली, तरी इंजिन मिसिंग मारत होतं. शेवटी रात्री शटर ओढून, दिवे बंद करून बघितलं, तर डिस्ट्रिब्युटरच्या कॅपवरून निळी ठिणगी रेघेसारखी पळत होती. आत केसाएवढी चीर. ही कॅप मिळायला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर तीन फेऱ्या झाल्या. पद्मिनी बनणं बंद होऊन वीसहून जास्त वर्षं झाली, सामान सहज मिळत नाही. दिवस गेले ते असे.

आता दुसरी कॉइल का लागली ते. हे जाहीर लिहायचं नव्हतं, पण तुम्ही लिहिलंत म्हणून लिहितो. डिलिव्हरीच्या वेळी सांगितलं होतं, इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवू नका. या गाडीत पॉइंट मिटलेले राहिले की कॉइलमधून करंट चालूच राहतो आणि ती तापत जाते. तुमचा टेप त्याच चावीच्या लाइनवर जोडलेला आहे. रविवारी मुलं गाडीत बसून तासभर गाणी ऐकत होती, हे तुम्हीच फोनवर सांगितलंत. मी तुमच्या बिल्डिंगखाली आलो तेव्हा कॉइलला हात लावता येत नव्हता आणि खालून काळं तेल ओघळलं होतं. पहिल्या कॉइलचे ९५० बिलात आहेत. दुसरीचे मला पडले तेच ७८० घेतले, मजुरी शून्य. ती जळालेली कॉइल अजून माझ्याकडे आहे, येऊन बघा.

मुलांना दोष देत नाही, त्यांना काय माहीत. पण माझ्याकडे दोन पोरं कामाला आहेत, आणि तुमचा रिव्ह्यू वाचून कालच एका गिऱ्हाइकाने गाडी परत नेली. चावीची सूचना यापुढे बिलावर लिहून देऊ आणि गिऱ्हाइकाला फोन वेळेवर जाईल असं बघतो.

बोनेटखालची अर्थची वायर एकदा तपासायची राहिली आहे, पावसात तिथे गंज धरतो. पैसे नाही घेणार. शनिवार सोडून कधीही या, शनिवारी कामाची फार गर्दी असते.