सॉरी म्हण काकांना!

आज संध्याकाळी प्राण्यांच्या दवाखान्यात, नंबराची वाट बघत बसलेल्या सगळ्यांसमोर, एका कुत्र्याने नाकावर फटका खाल्ला. गुन्हा काय, तर गुरगुरला. शेजारच्या काकांनी "अरे वा, काय गोड आहे!" म्हणत त्याच्या डोक्यावर हात ठेवला होता. मालकाने फटका दिला आणि वर दरडावलं, "सॉरी म्हण काकांना!" लोक हसले. दोन तास झाले, डोक्यातून जात नाहीये. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

गुरगुरणं हे त्या कुत्र्याचं पहिलं बोलणं नव्हतंच. सहावं होतं. हात खाली येताना त्याने तोंड फिरवलं. मग समोर खायला काही नसताना जीभ झर्रकन नाकावरून फिरवली. मग जांभई दिली, त्यावर कुणीतरी "कंटाळलाय बिचारा" म्हणालं. मग पुढचा एक पाय उचलून तसाच अधांतरी धरला. मग अंग ताठ, तोंड घट्ट मिटलेलं, मान दुसरीकडे पण नजर हाताकडे, डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसायला लागलेली. सगळं मिळून जेमतेम अर्धं मिनिट. शेपूट मात्र हलत होती, ताठ आणि आखूड झोके घेत, त्यामुळे काका खूश. हलणारी शेपूट म्हणजे आनंद, हे कुणी शिकवलंय आपल्याला? शेपूट हलते म्हणजे कुत्रा उत्तेजित आहे, एवढंच. आनंदात तिच्यासोबत कंबर, पाठ, सगळं अंगच सैल लचकतं.

आता फटक्यातून तो काय शिकला ते बघा. परका हात डोक्यावर नको, ही भावना जागच्या जागी आहे. उलट परका माणूस जवळ आला की मार बसतो, ही नवी भर पडली. बंद झालं ते फक्त गुरगुरणं. पुढच्या वेळी तो ती पायरी गाळून थेट दात लावेल आणि हेच लोक शपथेवर सांगतील की काही कारण नसताना चावला. गुरगुरणारा कुत्रा अजून तुमच्याशी बोलतोय हो! मला भीती वाटते ती मारून मारून गप्प केलेल्या कुत्र्याची.

बरं, प्रत्येक जांभई ताणाची नसते, मान्य. झोपेतून उठलेला कुत्राही जांभई देतो. म्हणून एकेक खूण सुटी धरायची नाही, आजूबाजूला काय चाललंय ते बघायचं.

फटक्यानंतर कुत्र्याने कान पाडले, अंग चोरलं, नजर खाली. मालक म्हणाला, "बघा, चूक कळते त्याला." नाही कळत! कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी याच 'अपराधी चेहऱ्या'वर प्रयोग केला, तो 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. मालकाने खाऊ खायची मनाई करून खोलीबाहेर जायचं. मागे कुत्र्याने तो खाल्ला की नाही, हे मालकाला कधी खरं सांगितलं, कधी खोटं. तो चेहरा दिसला मालक रागावल्यावर, कुत्र्याने खाऊ खाल्लेला असो वा नसो. काहीही न केलेल्या कुत्र्यांनीसुद्धा ओरडा खाल्ल्यावर तोच चेहरा केला. त्याचा अर्थ 'चुकलो' नाही, 'बास कर, रागावू नकोस' असा आहे.

आणि पुढचं वाक्य तर ठरलेलंच. "मालक कोण ते दाखवावंच लागतं." ही अल्फाची, म्हणजे बाकीच्यांना दाबून ठेवणाऱ्या टोळीच्या म्होरक्याची, कथा कुठून आली? 1947 मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त जागेत ठेवलेल्या लांडग्यांचं निरीक्षण लिहिलं, तिथून. पुढे ज्यांच्या लिखाणातून ही कल्पना घरोघरी पोचली, त्या लांडग्यांच्या अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांनीच 1999 मध्ये शोधनिबंध लिहून सांगितलं की रानातली टोळी म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पोरं. कुणी कुणाला लोळवून राज्य मिळवत नाही. मुळात तेही लांडग्यांबद्दल. कुत्रा बिचारा बाजूलाच राहिला.

जरा शांत होते.

मालक वाईट नव्हता. गार फरशी लागू नये म्हणून बाकाखाली स्वतःचा टॉवेल अंथरून त्याने कुत्र्याला बसवलं होतं. दहाबारा माणसांसमोर लाज वाटली आणि हात उठला. आपल्यातल्या बऱ्याच जणांचा उठला असता. पण कुणाच्याच लक्षात आलं नाही ते हे: कुत्रा आल्यापासून सारखं डोकं झटकत होता आणि मागच्या पायाने एकच कान खाजवत होता. काकांचा हात नेमका त्या कानावर. कान आतून सुजलेला असला तर साधा स्पर्शही झोंबतो. एरवी शहाणा असलेला कुत्रा अचानक गुरगुरायला लागला, तर आधी दुखणं शोधा: कान, दात, सांधे, पाठ. प्रशिक्षक नंतर.

त्या क्षणी काय करायचं? "काका, हात काढा" एवढंच म्हणायचं. पट्टा न खेचता सैल सोडायचा आणि कुत्र्याला घेऊन चारपाच पावलं बाजूला व्हायचं. या मालकाने हाताला दोन वेढे घालून पट्टा वीतभर ठेवला होता, मागे बाक. जाणार कुठे तो? नको असलेल्या गोष्टीपासून लांब जाणं हा कुत्र्याचा पहिला उपाय असतो, तोच आपण काढून घेतला. "मग गुरगुरण्याचं बक्षीसच मिळालं की!" हो, थोडं मिळतं. मिळू दे. पुढच्या वेळी तोंड फिरवलं तेव्हाच बाजूला व्हा, गुरगुरायची वेळच येणार नाही.

घरच्या कुत्र्यालाही विचारून हात लावायचा असतो. छातीवर किंवा मानेच्या बाजूला 3 सेकंद खाजवा आणि हात आपल्या मांडीवर परत घ्या. तो रेलला, नाकाने हात ढोसला, तर पुढे चालू. मान वळवली, ओठ चाटले, अंग झाडलं, तर पुरे. पुतळ्यासारखा नुसता उभा राहिला तरी पुरेच. सगळ्यांची फसगत इथे होते. "काही करत नाही, बघा किती शांत!" तो शांत नसतो, थिजलेला असतो.

कानाला हात लावू देणं शिकवता येतं, पण कान बरा असताना. वाटाण्याएवढे खाऊचे तुकडे हाताशी ठेवा, पण दाखवू नका. हात कानाच्या दिशेने न्या, वीतभर लांबच थांबवा, मग 1-2 सेकंदांच्या आत तुकडा द्या. क्रम महत्त्वाचा, आधी हात, मग खाऊ. उलटं केलंत तर काही दिवसांत खाऊ दिसताच तो पलंगाखाली जाईल, कारण खाऊ म्हणजे कानात औषध हे त्याने ताडलेलं असतं. असं पाचसहा वेळा, की थांबा. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांच्या वर नाही. हात येताना तो स्वतःहून खाऊ शोधायला लागला की पुढची पायरी: कानाला टेकवणं, मग पाळी उचलणं, मग बंद बाटली जवळ आणणं, सगळ्यात शेवटी थेंब. मध्येच त्याने खाऊ नाकारला तर घाई झालीय, एक पायरी मागे या. आठवडे लागतील. लागू देत.

दुखणं असताना तपासायचंच असेल तर मझल, म्हणजे चावू नये म्हणून तोंडावर चढवायची मुसकी, जाळीदार टोपलीसारखी, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात. तोंड आवळणारी कापडी नळी जास्त वेळ नको, कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो. मझलचीही घरी आधी अशीच सवय लावा. ती शिक्षा नाही, चष्म्यासारखी वस्तू आहे.

राहता राहिले काका. काका, परक्या कुत्र्यावर वरून वाकू नका. मालकाला विचारा, मग कुत्र्याला तिरकं होऊन उभे राहा, हात आपल्याच मांडीशी, नजर दुसरीकडे. तो येईल, पँट हुंगेल, आणि कदाचित तसाच निघून जाईल. झाली तुमची ओळख. आज त्याने तुम्हाला पाच वेळा नको म्हटलं होतं. सॉरी नेमकं कुणी कुणाला म्हणायचं होतं?