प्रतिक्रियेला उत्तर: प्रथिनं डीएनएचा आकारही वाचतात

नमस्कार,

इतकं मनापासून आणि मुद्देसूद लिहिल्याबद्दल आभार. तुमचा आक्षेप असा, की डीएनएची चौपदरी घडी, म्हणजे जी-क्वाड्रुप्लेक्स, परीक्षानळीतच पडते, ती शोधायला तिला चिकटणारी अँटीबॉडी (प्रतिपिंड) वापरली की तिच्यामुळेही पडत असेल, आणि प्रथिनं अक्षरांचा क्रम ओळखतात, आकार नव्हे.

नळीबद्दल थोडक्यात सांगतो. या घडीत चार ग्वानिनचा (डीएनएच्या चार अक्षरांपैकी 'जी') एक चौकोन, त्यावर दुसरा, आणि दोघांच्या मधोमध पोटॅशियमचा आयन असतो. पोटॅशियमऐवजी लिथियम घातलं तर घडी नीट टिकत नाही. आपल्या पेशीत पोटॅशियम साधारण 140 मिलिमोलर असतं. नळीतली परिस्थिती पेशीला परकी नाही.

अँटीबॉडीची शंका मात्र रास्त आहे. 2013 साली केंब्रिजच्या बालसुब्रमण्यन यांच्या गटानं बीजी4 अँटीबॉडीनं मानवी पेशींत या घड्या दाखवल्या, तेव्हाही हा प्रश्न उरतच होता. म्हणूनच 2020 मध्ये त्याच गटाशी संबंधित संशोधकांनी जिवंत पेशींत चमकणारा छोटा रेणू अगदी अत्यल्प प्रमाणात वापरला, घड्यांचा समतोल बिघडू नये इतका कमी. घड्या तरीही दिसल्या.

आता आकाराचं, माझ्या मते हाच खरा गाभा. डीएनएच्या नेहमीच्या दुहेरी सर्पिलात बेसचे, म्हणजे अक्षरांचे, सपाट पृष्ठभाग एकमेकांवर रचून झाकलेले असतात. प्रथिनाला खोबणीतून फक्त त्यांच्या कडा चाचपता येतात. क्वाड्रुप्लेक्सचा टोकाचा चौकोन मात्र उघडा असतो. डीएचएक्स36 हे हेलिकेज, म्हणजे अशा घड्या उलगडणारं प्रथिन, नेमकं तिथेच बसतं. त्याच्या 18 अमिनो आम्लांच्या तुकड्याची रचना 2015 मध्ये एनएमआरनं (चुंबकीय क्षेत्रात रेणूची रचना शोधायची पद्धत) उलगडली: एक छोटा अल्फा-हेलिक्स, म्हणजे प्रथिनाची मळसूत्री गुंडाळी, चौकोनावर आडवा पडतो आणि धनभारित तीन अमिनो आम्लं खाली वाकून डीएनएच्या कण्यातल्या ऋणभारित फॉस्फेटांना धरतात. चारही धागे एकाच दिशेनं जाणाऱ्या समांतर घडीलाच हा तुकडा पसंती देतो. ग्वानिन तेच असले तरी लूप (धाग्याचा वळसा) चौकोनावर आडवा आला, की त्याला बसायला जागाच उरत नाही. ही पसंती क्रमाची कशी म्हणायची?

2018 च्या स्फटिक-रचनेत तर पेशीचं इंधन एटीपी नसतानाही डीएचएक्स36 घडीला एका न्यूक्लिओटाइडनं, म्हणजे एका अक्षरानं, सरकवताना दिसलं.

तुमचं एक म्हणणं पूर्ण पटतं. 'क्वाड्रुप्लेक्सला चिकटणारं प्रथिन' हे बिरूद फार सढळ हातानं वाटलं जातं. आर्जिनिन या धनभारित अमिनो आम्लानं भरलेली कितीतरी प्रथिनं कुठल्याही ऋणभारित धाग्याला चिकटतात. म्हणून असा शोधनिबंध हाती आला की मी आधी बघतो, जिथे घडी नीट पडत नाही तिथे, म्हणजे लिथियममध्ये आणि ग्वानिन बदललेल्या धाग्यावर, तोच प्रयोग केलाय का. केला नसेल, तर तुमच्याइतकाच मीही साशंक असतो.