निकालाची पहिली ओळ वाचून यादी बंद करू नका

कुठल्याही मोठ्या शहराची मॅरेथॉन झाली की संध्याकाळपर्यंत सगळीकडे एकच आकडा फिरतो, विजेत्याची वेळ. मग सुरू होतं, 'बर्लिनला दोन-एक लागतो, मग बॉस्टनला दोन-सात का?' अहो, रस्ता बघा की जरा! बर्लिन आणि शिकागो पोळपाटासारखी सपाट. केनियाच्या किपचोगेचे २:०१:०९ बर्लिनचे (२०२२), किपटुमचे २:००:३५ शिकागोचे (२०२३). बॉस्टनला मात्र पाय संपत आले की नेमके चढ येतात. आणि तिथे २०११ मध्ये जेफ्री मुताई २:०३:०२ मध्ये आला, तोवर कुणीच इतक्या वेगाने मॅरेथॉन धावलं नव्हतं, तरी तो विश्वविक्रम धरला नाही. रस्ता एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणारा, एकूण उताराचा, त्यात त्या दिवशी वारा पाठीशी.

मला विचाराल तर माझा सगळ्यात आवडता निकाल रडतखडत लागलेला आहे. बॉस्टन, २०१८. गोठवणारा पाऊस, समोरून वारा. पुरुषांत पहिला आला युकी कावाउची, जपानमधल्या एका शाळेत कारकुनी करणारा, २:१५:५८. बायकांत अमेरिकेची डेझ लिंडन, २:३९:५४. नुसत्या आकड्यावर गेलात तर 'हे काय जिंकणं' म्हणाल. पण लिंडनला त्या दिवशी सुरुवातीलाच वाटत होतं की आपलं काही खरं नाही, सोडून द्यावं. निदान कुणाच्या तरी उपयोगी पडू म्हणून तिने दुसऱ्या अमेरिकन धावपटूला, शलेन फ्लॅनगनला, तसं सांगितलं. फ्लॅनगन मध्येच शौचालयात शिरली, तर लिंडन वेग कमी करून तिच्यासाठी रेंगाळली, मग तिला परत पुढच्या घोळक्यापाशी घेऊन आली. आणि शेवटी रेस जिंकली तिनेच! अमेरिकन बाईने बॉस्टन जिंकायला तेहतीस वर्षं लागली होती. निकालात यातलं काय दिसतं? २:३९:५४.

आकडे दगाही देतात. न्यूयॉर्कला १९८१ मध्ये अल्बर्टो सालाझार २:०८:१३ मध्ये आला, विश्वविक्रम म्हणून गाजावाजा झाला. नंतर रस्ता पुन्हा मोजला तर सुमारे दीडशे मीटर कमी! आता मोजणी खास आकडेयंत्र लावलेल्या सायकलने होते, आणि कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर मुद्दाम जास्त धरतात. (घड्याळात मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरऐवजी ४२.६ दिसलं म्हणून आयोजकांना शिव्या घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. मी घातल्या आहेत. वळणावळणाला बाहेरून धावलो होतो मीच.)

१९८० च्या बॉस्टनची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. रोझी रुईझ शेवटच्या टप्प्यात गर्दीतून रस्त्यावर आली आणि पहिली 'आली'. अंगावर धड घामही नव्हता. सगळ्यांच्या तोंडी नाव तिचंच. खरी विजेती कॅनडाची जॅकलिन गारो, २:३४:२८. शर्यतीच्या दिवशी तो मुकुट तिच्या डोक्यावर नव्हता, तो मान तिला आठवडाभराने मिळाला, तेव्हा ती गर्दी कुठे होती? आज दर पाच किलोमीटरला वेळ टिपणाऱ्या चटया असतात, बुटाला किंवा नंबरला त्यांना कळणारी चिप असते. लबाडी अजून होते, पण पकडली जाते. गारोचा तो दिवस मात्र गेला तो गेलाच.

काही नावं तर यादीत येऊच दिली नव्हती. बायकांना तेव्हा बॉस्टनला प्रवेशच नव्हता. १९६६ मध्ये बॉबी गिब बॉस्टनला झुडपात लपून राहिली, शर्यत सुटल्यावर घोळक्यात घुसली आणि दोनतृतीयांश पुरुषांच्या पुढे येऊन संपवली. नंबर नाही, म्हणजे निकाल नाही. तिला विजेती मानलं १९९६ मध्ये.

न्यूयॉर्कची पहिली मॅरेथॉन १९७० ची, सेंट्रल पार्कात गोल गोल चकरा. प्रवेश फी एक डॉलर, सुरुवात १२७ जणांनी केली, पोचले ५५. जिंकला गॅरी मर्क नावाचा अग्निशमन दलातला जवान. सुरुवात करणाऱ्यांत बाई एकच होती, नीना कुस्किक. आजारी असल्याने तिने मध्येच सोडली, त्यामुळे ५५ नावांत ती नाही. दोन वर्षांनी बॉस्टनने बायकांना पहिल्यांदा अधिकृत नंबर दिले. आठजणी धावल्या, आठही पोचल्या, आणि सगळ्यांत पुढे होती तीच.